अमेरिकेतल्या साध्या सुशी रेस्टॉरंटमध्ये जेवताना: काय मागवावे, काय विचारावे

पाऊलवाट

नमस्कार. आम्ही गेली नऊ वर्षे न्यू जर्सीत राहतो. घराजवळच्या स्ट्रिप मॉलमध्ये, लाँड्री आणि औषधांचे दुकान यांच्या मधल्या गाळ्यात, बारा-तेरा टेबलांचे एक सुशी रेस्टॉरंट आहे आणि महिन्यातून दोनदा तरी आमचे जेवण तिथे होते. हा धागा अशाच रेस्टॉरंटांविषयी आहे. जिथे आठच खुर्च्या असतात आणि महिनोन्महिने आधी जागा राखून ठेवावी लागते, त्या ठिकाणांविषयी मला लिहायचे नाही. जिथे मेनूवर प्रत्येक रोलचा, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानासह गुंडाळून कापलेल्या सुशीचा, फोटो असतो, दुपारी दोन किंवा तीन रोलचा लंच स्पेशल मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सूप) आणि सॅलडसह मिळतो, सुशीच्या जोडीला तेरियाकी (गोडसर सोया सॉस लावून भाजलेले पदार्थ) आणि हिबाचीही (तापलेल्या तव्यावर परतलेले पदार्थ) असते, आणि शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसानिमित्त लाकडी होडीत मांडलेली सुशी येते, अशी ठिकाणे मला अभिप्रेत आहेत.

धागा काढण्याचे कारण गेल्या उन्हाळ्यात घडले. सांगलीहून सासू-सासरे आले होते. सासरे मासे आवडीने खातात, सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत. एका प्रवासात भूक लागली म्हणून आम्ही वाटेतल्या एका अनोळखी सुशी रेस्टॉरंटमध्ये थांबलो. सूप शाकाहारी आहे का, असे मी वेटरला स्पष्ट विचारले. त्यात फक्त टोफू, कांद्याची पात आणि समुद्री शेवाळ आहे, असे त्याने सांगितले आणि सासूबाईंनी वाटी संपवली. निघताना काउंटरमागच्या बाईंशी बोलता बोलता कळले की सूपचे पाणीच मुळी दाशीचे होते. दाशी म्हणजे कोंबू नावाचे शेवाळ आणि धुरी देऊन वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस यांचा अर्क. सासूबाई एक शब्दही बोलल्या नाहीत, परंतु त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. वेटर खोटे बोलला असे मी म्हणणार नाही, कारण वाटीत दिसणारे सगळे जिन्नस शाकाहारीच होते. मी विचारायला हवे होते ते सूपमध्ये काय घातले आहे हे नव्हे, तर सूप कशाच्या पाण्यात केले आहे हे. या गोष्टीचे मला आजही वाईट वाटते, आणि आपल्यापैकी दुसऱ्या कुणाच्या घरी असे घडू नये, एवढ्यासाठी सगळ्यांनी आपापली माहिती इथे एकत्र करावी अशी विनंती आहे.

सुरुवात मी भातापासून करते, कारण माझ्या मते अशा रेस्टॉरंटची खरी पारख भातावरूनच होते. सुशी म्हणजे कच्चा मासा, ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात आणि त्यासोबत जे काही येईल ते. नुसता कच्चा मासा कापून वाढला तर त्याला साशिमी म्हणतात. त्यामुळे नव्या ठिकाणी गेले की मी सर्वांत आधी साधा काकडीचा रोल मागवते. त्यात लपवायला काहीच नसते. भात कोमट असावा, शिते एकमेकांना धरून असली तरी जिभेवर वेगळी व्हावीत, आणि आंबटपणा जाणवला तरी टोचू नये. फ्रिजमध्ये ठेवलेल्या उरलेल्या भातासारखा तो टणक आणि गारढोण लागला, तर वरचा मासा कितीही ताजा असला तरी त्या जेवणात आनंद नसतो.

आमच्या नेहमीच्या ठिकाणी मी मुद्दाम काउंटरपाशी बसते. तिथले आचारी काका हात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून टाळी वाजवल्यासारखे झटकतात, मूठभर भात घेतात आणि नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाच्या पातळ पानाच्या, खरबरीत बाजूवर बोटांच्या टोकांनी पसरतात. दाबत नाहीत, नुसता सारत नेतात. मग तीळ भुरभुरून ते पान उलटे करतात, काकडी आणि ॲव्होकाडो ठेवतात, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या बांबूच्या चटईने तीनदा आवळतात, आणि प्रत्येक कापाआधी सुरी ओल्या फडक्याने पुसत त्या रोलचे आठ तुकडे करतात. या सगळ्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. भाकरी थापणाऱ्या बाईच्या हाताकडे पाहताना जे वाटते, तेच मला इथे वाटते.

खाडीकाठ

पाऊलवाटताई, धागा फार आवश्यक होता. मी मूळचा अलिबागकडचा, सध्या लॉस एंजेलिसजवळ राहतो. तुम्ही वर्णन केलेल्या उलट्या रोलविषयी थोडे लिहितो, कारण अमेरिकी सुशीची सगळी गोष्ट त्या उलटण्यात आहे.

जपानमध्ये पारंपरिक रोलला नोरी बाहेरून असते. इथे भात बाहेर आणि नोरी आत असते, अशा रोलला उरामाकी म्हणतात. कॅलिफोर्निया रोलचे श्रेय बहुतेक वेळा लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियो भागातील तोक्यो काइकान या रेस्टॉरंटचे शेफ इचिरो माशिता यांना दिले जाते. काळ १९६०च्या दशकाचा. ट्यूनाच्या पोटाचा चरबीयुक्त भाग, म्हणजे तोरो, तेव्हा तिथे वर्षभर मिळत नसे. त्या लोणीदार स्पर्शाच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणून ॲव्होकाडो आला आणि सोबत खेकडा आला. काळसर कागदासारखी नोरी अमेरिकी गिऱ्हाइकांना नकोशी वाटे, म्हणून पुढे ती आत लपवली गेली असे सांगतात. कॅनडातील व्हँकुव्हरचे शेफ हिदेकाझु तोजो हेदेखील हा रोल आपला असल्याचे सांगतात, आणि २०१६ साली जपान सरकारने त्यांना जपानी खाद्यसंस्कृतीचे सदिच्छादूत नेमले. वाद मिटलेला नाही. मला मात्र त्या वादापेक्षा हे महत्त्वाचे वाटते की हाताशी नसलेल्या माशाची उणीव एका स्थानिक फळाने भरून काढावी, हे एका कसलेल्या आचाऱ्यालाच सुचू शकते.

आपल्या मत्स्याहारी मंडळींसाठी माशांची ओळख करून देतो. ट्यूना म्हणजे आपला कुपा ज्या कुळातला, त्याच कुळातला मासा. उनागी ही गोड्या पाण्यातली वाम, आणि ती नेहमी भाजूनच येते. ड्रॅगन रोलमध्ये बहुधा हीच असते आणि वर ॲव्होकाडोच्या पातळ चकत्या खवल्यांसारख्या मांडतात. साबा म्हणजे बांगड्याच्या नात्यातला मासा. तो मीठ आणि व्हिनेगर लावून मुरवलेला असतो, त्यामुळे बांगड्याची चव ओळखणाऱ्याला तो लगेच जवळचा वाटतो. रोलवर पसरलेले नारिंगी, दाताखाली कुटकुट फुटणारे दाणे म्हणजे तोबिको, पंखमाशाची गाबोळी. स्वस्त ठिकाणी तिच्याऐवजी मासागो, म्हणजे कॅपेलिन नावाच्या लहान माशाची गाबोळी वापरतात. स्पायडर रोलमध्ये नुकतीच कात टाकलेला, मऊ कवचाचा खेकडा अख्खा तळून घालतात आणि त्याचे पाय रोलच्या टोकांतून बाहेर डोकावतात.

एक गैरसमजही दूर करतो. मुंबईच्या हॉटेलांत रावसाला इंग्रजीत इंडियन सामन म्हणतात, म्हणून अनेक जण सामनची निगिरी (भाताच्या मुटक्यावर ठेवलेला माशाचा काप) मागवून रावसाची अपेक्षा करतात. दोन्ही मासे अगदी वेगळ्या कुळांतले आहेत. रावसाचे मांस पांढरट आणि घट्ट असते, सामनचे केशरी आणि तेलकट.

दहीभात

मी शाकाहारी आहे, आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांमुळे अशा रेस्टॉरंटमध्ये वरचेवर जावे लागते. सासूबाईंच्या बाबतीत घडले ते माझ्याही बाबतीत पहिल्या वर्षी घडले होते, त्यामुळे तुमचे दुःख मला पुरते कळते.

दाशी केवळ सूपमध्ये नसते. आगेदाशी टोफूच्या, म्हणजे तळलेल्या टोफूच्या, खालचा रस, तेंपुरासोबत (पिठात बुडवून तळलेल्या भाज्या किंवा कोळंबीसोबत) येणारे पातळ तपकिरी तोंडीलावणे, उदोनचे, म्हणजे जाड गव्हाच्या शेवयांचे, पाणी, या सगळ्यांत ती असते. इनारी, म्हणजे तळलेल्या टोफूच्या गोडसर पिशवीत भरलेला भात, दिसायला निर्धोक असतो, परंतु ती पिशवी अनेकदा दाशीत शिजवलेली असते. कानप्यो रोलचेही तसेच. तो मागवताना मला फार कौतुक वाटले होते, कारण कानप्यो म्हणजे आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीच्या फळाच्या वाळवलेल्या पट्ट्या. मात्र त्याही सोया सॉस आणि साखरेसोबत दाशीत मुरवण्याची पद्धत आहे. क्रॅब स्टिक हा खेकडा नसतो हे ऐकून काही जण तो शाकाहारी समजतात. तो पोलॉक माशाच्या लगद्यात स्टार्च आणि बहुधा अंड्याचा पांढरा भाग घालून केलेला असतो. स्पायसी मेयोमध्ये, म्हणजे तिखट मेयोनेझमध्ये, अंडे असते. तेंपुराच्या पिठात अंडे असू शकते, आणि रताळ्याचे काप बहुतेक ठिकाणी कोळंबी तळलेल्याच तेलात तळले जातात.

मग उरते काय? माझ्या अनुभवात पुष्कळ उरते. एदामामे, म्हणजे मीठ लावलेल्या उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा. काकडीचा, ॲव्होकाडोचा आणि ओशिंको रोल. ओशिंको म्हणजे मुळ्याचे पिवळे, कुरकुरीत लोणचे, आणि भाताबरोबर लोणचे खाण्याची आपली सवय तिथे अगदी जुळून येते. तिथल्या नेहमीच्या सॅलडचे नारिंगी ड्रेसिंग सहसा गाजर, आले, कांदा आणि व्हिनेगर यांचे असते. ते शाकाहाऱ्यांना चालते, परंतु जैन मंडळींनी टाळावे. मी आता वेटरला प्रश्न विचारत नाही. मासा, माशाचे पाणी, माशाचा कीस आणि अंडे यांतले काहीही मला चालत नाही, असे एक वाक्य सांगतो आणि हे आत विचारून या, अशी विनंती करतो. गर्दीच्या वेळी ही विनंती मानली जात नाही, म्हणून नव्या ठिकाणी दुपारी अडीचनंतर जातो.

उत्तररात्र

शिकत असताना मी विद्यापीठाच्या आवारातल्या सुशी काउंटरवर दोन सत्रे काम केले आहे, त्यामुळे आतल्या बाजूचे थोडे सांगू शकतो.

पाऊलवाट यांनी भाताविषयी लिहिले ते शंभर टक्के खरे आहे. आमचा सकाळचा पहिला तास तांदूळ धुण्यात जाई. पाणी नितळ होईपर्यंत धुवायचे, मग शिजवायचे, मग रुंद भांड्यात काढून गरम असतानाच व्हिनेगर शिंपडायचे आणि उलथण्याने ढवळल्यासारखे न करता कापल्यासारखे करत मिसळायचे. शीत मोडले तर चिकट लगदा होतो. अशा ठिकाणी बहुधा मध्यम दाण्याचा कॅलरोझ तांदूळ असतो, जो कॅलिफोर्नियात १९४८ साली शेतकऱ्यांना उपलब्ध झाला. त्यानंतरची पायरी गिऱ्हाइकांना कधी दिसत नाही: भाताचा चमचाभर नमुना पाण्यात कालवून त्यात पट्टी बुडवायची आणि आम्लता वहीत नोंदवायची. पीएच ४.६च्या खाली असेल तरच तो भात फ्रिजबाहेर ठेवता येतो, कारण तेवढ्या आंबट भातात घातक जंतू वाढत नाहीत. म्हणजे ते व्हिनेगर केवळ चवीसाठी नसते.

कच्च्या माशाविषयी लोकांच्या मनात भीती असते, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. सामनसारख्या माशांत अनिसाकिस नावाची कृमी असू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार कच्चा खाण्याचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना गोठवून १५ तास ठेवावा लागतो. ट्यूनाच्या काही जाती आणि ठरावीक खाद्यावर वाढवलेले शेततळ्यातले मासे यांना सूट आहे. म्हणून आमच्याकडचा मासा कधीच गोठवलेला नसतो, अशी जाहिरात ऐकली की मला समाधान वाटत नाही, उलट काळजी वाटते. सुशी ग्रेड हा शब्दही कायद्याने ठरवलेला दर्जा नसून विक्रेत्याने दिलेली ग्वाही आहे. गंमत म्हणजे जपानमध्येही पूर्वी सामन कच्चा खात नसत. १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला सामन जपानी बाजारात नेटाने नेला, तेव्हापासून तो निगिरीवर रुळला.

सुशीसोबत येणाऱ्या झणझणीत हिरव्या वासाबीबद्दलही सांगतो. ताटाच्या कोपऱ्यातला तो गोळा बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचे झणझणीत मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचा असतो. खरी वासाबी ही वेगळी वनस्पती आहे, तिचे खोड ऐनवेळी किसावे लागते आणि पंधरा-वीस मिनिटांत तिचा सुगंध उडतो. स्वस्त रेस्टॉरंटला ती परवडण्यासारखी नाही, आणि त्यात फसवणूक वाटण्याचेही कारण नाही. मोहरी फेसून केलेल्या लोणच्याची झणझण ज्यांना आवडते, त्यांना ती नक्की आवडेल. मात्र पहिल्या वेळी तांदळाच्या दाण्याएवढीच घ्यावी.

काजवा

मी दोन वर्षे ओसाकात राहिलो आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. इथल्या रोलवर गोड सॉस, तिखट मेयो, तळलेल्या पिठाचा चुरा आणि वर पुन्हा क्रीम चीज असते. या सगळ्याखाली मासा कोणता आहे हे कळतच नाही. फिलाडेल्फिया रोलमध्ये स्मोक्ड सामन आणि चीज एकत्र येतात, तेव्हा तिथे भाताचे काय काम, असा प्रश्न मला पडतो. आई-वडिलांना पहिल्यांदाच सुशी दाखवायची असेल तर असे रोल न मागवता साधी निगिरी मागवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पाऊलवाट

काजवा, सॉसच्या अतिरेकाविषयी तुमचे म्हणणे मला मान्य आहे. जिथे दहा रोलांवर एकच गोड तपकिरी सॉस रेघा ओढल्यासारखा येतो, तिथे मी पुन्हा जात नाही. परंतु क्रीम चीज आले म्हणून तो पदार्थ खोटा ठरतो, हे मला पटत नाही. निगिरी तरी मुळात काय होती? १८२०च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई यांच्या नावाशी जोडला गेलेला तो प्रकार घाईत असलेल्या लोकांसाठी होता आणि पुढे रस्त्यावरच्या गाड्यांवर विकला जाई. त्याच्या फार आधीची सुशी म्हणजे भातात महिनोन्महिने आंबवलेला मासा होता, आणि त्यातला भात अनेकदा टाकून देत. त्या लोकांना निगिरी परकीच वाटली असेल. मुंबईत जन्मलेले चिकन मंचुरियन चीनमध्ये मिळत नाही, म्हणून आपण त्याला खोटे म्हणत नाही. फिलाडेल्फिया रोल अमेरिकेचा आहे, अमेरिकेत खावा, आणि तो चांगला झाला आहे की वाईट, हे त्याच्याच मापाने ठरवावे.

स्पायसी ट्यूनाचेही तसेच. कडेचे तुकडे बारीक चिरून तिखट मेयोत कालवण्याची ती युक्ती आहे. त्यातला तिखटपणा ज्या श्रीराचा नावाच्या लाल मिरचीच्या सॉसमधून येतो, तो व्हिएतनामहून आलेल्या डेव्हिड ट्रान यांनी १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये बनवायला घेतला. आमच्या ठिकाणचे मालक चीनमधल्या फुजियान प्रांतातले आहेत, आचारी काका कोरियन आहेत आणि वेटर मुलगी इक्वाडोरची आहे. त्या एका रोलमध्ये किती देशांची माणसे राबतात, याचा विचार केला की मला त्याबद्दल आदरच वाटतो.

हिवाळी_ऊन

एक प्रश्न. मला पाचवा महिना सुरू आहे आणि कार्यालयाचे जेवण अशाच ठिकाणी ठरले आहे. जाऊ की नको?

उत्तररात्र

अभिनंदन. अवश्य जा, मात्र कच्चा मासा पूर्णपणे टाळा. त्याचबरोबर पारा जास्त असलेले मासे शिजवलेले असले तरी टाळायचे असतात. अमेरिकी सरकारच्या यादीत बिगआय ट्यूना गर्भवतींनी टाळण्याच्या माशांत आहे. भाजलेली उनागी, कोळंबी तेंपुराचा रोल, क्रॅब स्टिकचा कॅलिफोर्निया रोल आणि भाज्यांचे रोल हे पर्याय आहेत. गाबोळी नको म्हणून सांगा. शिवाय कच्चा मासा कापलेल्याच फळीवर आणि सुरीने तुमचा रोल कापला जाऊ नये, हे ऑर्डर देतानाच सांगा. आम्हाला अशी विनंती आली की आम्ही स्वच्छ फळी घेत असू, त्यात कुणालाही संकोच वाटत नसे. आपल्या डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्यावे.

खाडीकाठ

खाण्याच्या पद्धतीविषयी कुणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. निगिरी हाताने खाल्ली तर मुळीच चुकत नाही, त्यामुळे चॉपस्टिकच्या काड्या न जमणाऱ्या वडीलधाऱ्यांनी अवघडून बसू नये. निगिरी सोया सॉसमध्ये बुडवताना माशाची बाजू बुडवावी, कारण भात बुडवला की तो सॉस शोषून घेतो आणि फुटतो. आल्याच्या गुलाबी चकत्या सुशीवर ठेवून खायच्या नसतात. एका माशाची चव पुसून दुसऱ्याकडे जाण्यासाठी त्या मध्ये खायच्या असतात. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. तामारी (सोया सॉसचाच एक प्रकार) मागून घ्यावी, तिच्यातही गहू नाही ना हे विचारावे.

'हवे तेवढे खा' प्रकारच्या ठिकाणी साधारण दीड तासाची मर्यादा असते आणि ताटात उरलेल्या तुकड्यांचे वेगळे पैसे लावतात. भाताने पोट लवकर भरते, म्हणून पहिल्या फेरीत कमी मागवावे. टिप १८ ते २० टक्के द्यावी. टिप मिळणाऱ्या कामगारांचे संघीय किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर एवढेच आहे. काही राज्यांत ते जास्त आहे, तरीही वाढणाऱ्याचे घर टिपेवरच चालते.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. दहीभात यांचे ते एक वाक्य मी इंग्रजीत लिहून पाकिटात ठेवले आहे.

परवा सासूबाई पुन्हा आल्या. या वेळी आमच्या नेहमीच्या ठिकाणी आदल्या दिवशी जाऊन मालकीणबाईंशी बोलले. त्यांनी आतून मिसोचा डबा आणून त्यावरचे जिन्नस मला वाचून दाखवले आणि दाशीऐवजी कोंबू व वाळवलेल्या शिताके अळिंबीच्या पाण्यात एक वाटी सूप वेगळे करून देऊ, असे आपणहून सांगितले. दुसऱ्या दिवशी ती वाटी समोर आली तेव्हा सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी दोन्ही हातांनी वाटी उचलली, वास घेतला, एक घोट घेतला आणि कुळथाच्या कढणासारखे लागते म्हणाल्या. नंतर ओशिंको रोलचे आठही तुकडे त्यांनी एकटीने संपवले आणि हे मुळ्याचे लोणचे घरी घालता येईल का, असे विचारले. कुणाला कृती ठाऊक असेल तर इथेच द्यावी. त्या अजून तीन आठवडे इथे आहेत.